कुठली पेटी

आमच्या घरात पेटी या शब्दाला एकच अर्थ होता. कपडे ठेवतात ती ट्रंक, आंबे भरतात तो खोका, आणि भाता मारला की जिच्यातून सूर निघतो ती पेटी. हार्मोनियम हा शब्द बाबा फक्त बिलावर लिहायचे, तोसुद्धा माझ्याकडून लिहून घ्यायचे, कारण त्यातला रफार नेमका कुणाच्या डोक्यावर बसतो याची त्यांना कधीच खात्री नसायची. पोलादपूर सोडून कशेडीकडे जाताना रस्त्याच्या आत एक वाडी आहे, तिथं आमचं घर, आणि घराच्या पडवीत बाबांचं दुकान. दुकान म्हणजे पसरलेलं एक पोतं, कानशींचा डबा, भात्याला लावायच्या कापडाचे तुकडे आणि सरसाचं डबडं. हे डबडं चुलीच्या वैलावर भाताशेजारी शिजायचं आणि आई रोज त्यावरून बोलायची. एकदा तिनं अंदाजानं ढवळायला डाव घातला तो भातात नाही, सरसात. त्या दिवशी आम्ही सगळे घाबरत घाबरत जेवलो.

त्याआधी कितीतरी वर्षं बाबा मुंबईत पेट्या बनवणाऱ्या एका शेठकडे कामाला होते. शिमग्याला यायचे, गणपतीला यायचे, आणि घरात पाहुण्यासारखे वागायचे. तहान लागली तर हंड्याकडे न जाता आईकडे पाणी मागायचे. मला समजायला लागल्यापासून बाबा म्हणजे जाणारा माणूस. ते आले की मी पहिल्या दिवसापासून ते जायच्या दिवसाला घाबरायची. मग एका गणपतीला आले ते परत गेलेच नाहीत. आईला म्हणाले, "हितंच जमतंय का बघतो. नायच जमलं तर शेठ परत ठेवून घेईल." त्या गोष्टीला आता दोन वर्षं होत आली होती आणि जमत तर नव्हतं. वाडीवाडीतली भजनी मंडळं पेट्या आणायची, कुणी तांदूळ द्यायचं, कुणी नाचणी, कुडपणच्या मंडळानं एकदा मधाची बाटली दिली. पोटं भरायची, पण माझं महाडचं कॉलेज आणि घरावरचे पत्रे तांदळावर भागत नाहीत. त्या पावसाळ्यात शेठचा निरोप आला होता, येणार असशील तर गणपतीनंतर ये, नाहीतर मी दुसरा माणूस बघतो.

मी मुळातच भित्री. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणी माझ्याकडून शौर्याची अपेक्षा करणार नाही. आज साठी उलटली, नोकरीतून निवृत्त झाले, कशेडीला बोगदा होऊन घाटाचीही भीती गेली, तरी दाराची बेल वाजली की माझा पहिला विचार वाईटच असतो. माझ्या सुना हसतात. त्यांनी तो पावसाळा पाहिलेला नाही.

घरात दिवसभर कुठला ना कुठला सूर चालू असायचा. पायानं मारायचा एक भाता बाबांनी स्वतः बनवला होता. त्यावर पेटीतली सूर देणारी पितळी पात बसवायची, पाय हलवायचा आणि कान लावून बसायचं. पात टोकाशी घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो, हे मला दहावीपासून ठाऊक होतं. बाबा कानशीचा एक हात फिरवायचे, ऐकायचे, पुन्हा एक हात. आत आई टाकळ्याची भाजी चिरत, भाकऱ्या थापत त्याच सुरात काहीतरी पुटपुटत असायची. तिला गाता येत नव्हतं, पण पडवीतला सूर थांबला की लगेच आतून विचारायची, "काय झालं?" सूर चालू म्हणजे सगळं ठीक, असं आमच्या घराचं होतं.

तर त्या पावसाळ्यात एका मोठ्या शिक्षण मंडळाची जाहिरात निघाली. मंडळाचं नाव लिहीत नाही. महाड-पोलादपूरच्या डोंगरातून खाली समुद्रापर्यंत त्यांच्या शाळा होत्या, वरंधच्या बाजूलाही होत्या, आणि प्रत्येक शाळेत प्रार्थनेला एक पेटी होती. काही पेट्यांत उंदरांची बाळंतपणं झालेली, काहींच्या पट्ट्या दमटपणानं फुगून बसलेल्या. सगळ्या दुरुस्त करायच्या, ज्या कामातून गेल्या त्यांच्या जागी नव्या द्यायच्या आणि पुढं तीन वर्षं सुरात ठेवायच्या, असं ते काम होतं. त्यासाठी बंद पाकिटातून दरपत्रकं मागवली होती. बाबांनी मुंबईच्या शेठकडून नव्या पेट्यांचा भाव आणला, मी कॉलेजच्या चांगल्या कागदावर सुवाच्य अक्षरात दर लिहिले, आणि पाकिटावर लाख लावून आम्ही ते महाडच्या कार्यालयात नेलं. तिथं कुलूप लावलेली एक लाकडी पेटी होती, तिच्यावर पांढऱ्या रंगानं 'निविदा पेटी' लिहिलेलं. बाबा घरी येऊन आईला म्हणाले, "पेटीचं पाकीट पेटीत टाकून आलो." खूप दिवसांनी ते स्वतःच्याच बोलण्यावर हसले. हे काम मिळालं तर बाबा राहणार आणि नाही मिळालं तर जाणार, हे घरात कुणी बोलून दाखवलं नव्हतं, पण तिघांनाही पाठ होतं.

गणपती आठवड्यावर आले तेव्हा बाबा पोलादपूरच्या बाजारातून खुशीत आले. कार्यालयातला शिपाई त्यांना एसटी स्टँडवर भेटला होता. त्यानं निरोप दिला होता, "साहेब बोललेत, काम तुमचंच समजा. फक्त गणपतीच्या आधी एक पेटी घरी पोच करा." साहेब म्हणजे पाकिटं उघडून काम कुणाला द्यायचं ते ठरवणारे मंडळाचे अधिकारी. बाबांना यात वावगं काहीच दिसलं नाही. गणपतीत आरतीला पेटी लागते, माणूस पेटीवाल्याकडे मागणार नाही तर कुणाकडे मागणार? त्यांनी स्वतःच्या हातानं सागवानाची एक पेटी बनवत आणली होती, नमुना म्हणून दाखवायला. तीच द्यायची ठरली. दोन दिवस पडवीत त्या पेटीचे सूर लागत होते आणि आई मला सांगत होती की देव आहे.

तिसऱ्या दिवशी भिवामामा आला. आईचा धाकटा भाऊ, मुंबईत एका बिल्डरच्या गाडीवर ड्रायव्हर. पिशवीतून फरसाण काढायचा आणि बोलण्यातून हिंदी. आईनं कुळथाची पिठी, भात आणि भारंगीची भाजी केली होती. जेवताना बाबांनी साहेबांच्या पेटीची गोष्ट सांगितली, आणि मामाचा हात ताटातच थांबला.

"भावोजी," तो म्हणाला, "परत सांगा. काय बोलला तो?"

"एक पेटी घरी पोच करा."

मामानं दाराकडे पाहिलं. बाहेर पाऊस आणि अंधार याशिवाय काही नव्हतं. "भावोजी, पेटी म्हंजे लाख. आमच्या शेठच्या गाडीत मी रोज ऐकतो. एक पेटी दिया, दो पेटी दिया. मुंबईत ल्हान पोराला पण म्हाईत हाय."

बाबांना आधी कळेचना. "लाख? पाकिटावर लावतात ती?"

"लाख रुपये," मामा म्हणाला. "तो तुमच्याकडं लाच मागतोय."

आईनं वाढायची पळी भांड्यात ठेवली. मग ती हळू आवाजात म्हणाली, "अरे, आपण पेटीवाले. त्यांना पेटीच हवी असंल." मामा म्हणाला, असेलही. आणि तिथून आमच्या घरात भीती राहायला आली. साहेबांना लाख रुपये हवे असतील आणि आपण पुढ्यात बाजाची पेटी नेऊन ठेवली, तर साहेब म्हणणार, हा माझी थट्टा करतोय. काम तर जाईलच, पुन्हा कधी त्या शाळांच्या पायरीवर उभं करणार नाहीत. आणि साहेबांना खरंच पेटी हवी असेल आणि आपण कर्ज काढून पैसे नेले, तर सरळ तुरुंग. उन्हाळ्यातच आमच्याकडे कुणा एका कारकुनाला पोलिसांनी सापळा लावून नोटा घेताना पकडलं होतं. नोटांना पांढरी पूड लावलेली असते, घेणाऱ्याचे हात कसल्याशा पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं, असं सगळीकडे बोललं जायचं. वाडीतली पोरं एकमेकांना "हात बुडव" म्हणून घाबरवायची. मला ते गुलाबी पाणी डोळ्यांपुढं दिसायला लागलं, आणि त्यात बाबांचे हात.

बाबांनी एक गोष्ट केली. ते पावसात भिजत महाडला गेले, त्या शिपायाला गाठलं आणि सरळ विचारलं, "कुठली पेटी?" शिपायानं इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाला, "कुठली म्हंजे? साहेबांना कळंल अशी." एवढं उत्तर घेऊन बाबा परत आले. त्यानंतर पडवीतला सूर बंद झाला. आई आतून "काय झालं?" विचारत नव्हती, कारण काय झालं ते तिला माहीत होतं. नुसता पत्र्यावरचा पाऊस. मी कॉलेजला जायला घाबरायची, कारण वाटेवर ते कार्यालय होतं, आणि घरी थांबायलाही घाबरायची. मामा म्हणत होता, शेठकडून पैसे उचलून देतो. आई म्हणत होती, नको, आणि थोड्या वेळानं विचारत होती, किती मिळतील?  बाबा आपले नखांखालचा पितळेचा कीस काढत बसलेले असायचे.

शेवटी एका सकाळी त्यांनी सागवानी पेटी आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि म्हणाले, "मी पेटी घेऊन चाललो." मामा काहीतरी बोलायला गेला. बाबा म्हणाले, "मी पेटीवाला. माझ्याकडं पेटी मागितली. मला दुसरी ठाऊक नाय." आईनं मला सोबत जायला सांगितलं. तिचा हिशोब असा की तरणी मुलगी बरोबर असली तर साहेब तोंडाला येईल ते बोलणार नाही. मला कुणी विचारलं असतं तर मी माळ्यावर जाऊन बसले असते. एसटीत कंडक्टर म्हणाला, "पेटीत काय हाय?" बाबा म्हणाले, "सूर." मागच्या बाकावर छत्र्या घेतलेली दोन अनोळखी माणसं होती, ती हसली. मी सावित्रीच्या पुलावरून खालचं गढूळ पाणी बघत होते आणि गाडी बंद पडावी म्हणून देवाला विनवत होते. असल्या वेळी गाडी कधी बंद पडत नाही.

साहेबांचं घर पहिल्या मजल्यावर होतं. जिना बाहेरून होता. आम्ही वर गेलो, बेल वाजवली. साहेबांच्या बायकोनं दार उघडलं, आणि तिच्यामागून साहेब आले. बनियन, लेंगा, हातात वर्तमानपत्र. दिसायला अगदी साधा माणूस. बाबा म्हणाले, "नमस्कार साहेब. पेटी आणलीय."

एवढ्या मोठ्यानं बोलायची काही गरज नव्हती. पण बाबा आयुष्यभर भजनी मंडळांशी बोललेले. साहेबांचा चेहरा एकदम उतरला. ते आमच्याकडे न बघता कठड्यावरून खाली बघायला लागले. खाली गॅलरीच्या आडोशाला एसटीतले तेच दोघे उभे होते, छत्र्या मिटून, पाऊस कमी व्हायची वाट बघत.

"ते कोण आहेत खाली?" साहेबांनी विचारलं.

"ठाऊक नाय," बाबा म्हणाले. "आमच्याच गाडीतनं आलं."

ते खरंच होतं. पण ते ऐकून साहेब दोन पावलं मागं सरले. बाबांनी तोवर आत येऊन लुगडं सोडलं आणि पेटी जमिनीवर ठेवून झाकण उघडलं. पावसाळ्यात पट्ट्या फुगून एकमेकींना घासू नयेत म्हणून बाबा त्यांच्या फटीत शंखजिऱ्याची पूड टाकायचे. तशी या पेटीतही टाकली होती, जरा सढळ हातानंच, साहेबांची म्हणून. एसटीच्या धक्क्यांनी ती सगळी वर आली होती. काळ्या पट्ट्या पांढऱ्या झाल्या होत्या. साहेब त्या पुडीकडे बघत राहिले. 

"हात लावून बघा साहेब," बाबा म्हणाले. "बोटं ठेवा नुसती."

साहेबांनी दोन्ही हात पाठीमागं नेले. शाळेत छडी चुकवायला पोरं नेतात तसे. त्यांची बायको बिचारी कौतुकानं पुढं झाली, "अहो, छान आहे की. आरतीला होईल," म्हणत पेटीकडे हात न्यायला लागली. साहेबांनी तिचं मनगट असं धरलं की तिच्या बांगड्या वाजल्या. मग ते जिन्याकडे तोंड करून, खालच्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी तुमच्याकडे काहीही मागितलेलं नाही. कसलीही वस्तू नको, काही नको. तुमचं काम नियमानं होईल. उचला हे."

तेव्हा मला कळलं की साहेबांना कुठली पेटी हवी होती. मामाचं बरोबर होतं. आणि हेही कळलं की या खोलीत माझ्याइतकाच घाबरलेला आणखी एक माणूस आहे. त्यानं माझी भीती कमी झाली असं कुणाला वाटेल, पण नाही झाली. घाबरलेला साहेब हा रागावलेल्या साहेबापेक्षा वाईट, तो काय करील सांगता येत नाही. बाबा मात्र शांतपणे खाली बसले, भाता मोकळा केला आणि एक सूर धरला. "निदान ऐका तरी, साहेब," म्हणाले. खोलीत, जिन्यात, खाली गॅलरीत तो सूर भरला. साहेब "पुरे, पुरे" म्हणत होते. बाबांनी झाकण लावलं, लुगडं बांधलं, नमस्कार केला आणि आम्ही जिना उतरलो. खालच्या दोघांतल्या एकानं बिडी पेटवत विचारलं, "दुरुस्तीला आणलेली का?" बाबा हो म्हणाले.

स्टँडवर पोचेपर्यंत ते पेटी सांभाळत पुढं चालत होते. मला वाटत होतं, यांना अजून काही उमगलेलंच नाही, आता हे सगळं मला समजावून सांगावं लागणार. बाकावर पेटी ठेवली आणि ते तिच्या शेजारी बसले ते एकदम, धप्पकन. आमची गाडी लागली. मी म्हटलं, "बाबा, चला." ते म्हणाले, "जरा थांब गो बाय. पाय राहिलेत माझे."

"तुम्हाला कळलं होतं?" मी विचारलं.

"भिवा बोलला तवाच कळलं हुतं."

"मग हे असं कशाला केलंत?"

"पैसं नव्हतं. आणि पुना मुंबईला जायचं नव्हतं." ते समोर बघत बोलत होते. "म्हटलं, मला दुसरी पेटी ठावंच नाय, असा चेहरा करून जायाचं. घरापासनं तो चेहरा धरून आणलाय. आता सुटत नाय बघ." खरंच त्यांच्या चेहऱ्यावर अजून ते बावळट, भाबडं हसू तसंच होतं. मी त्यांचा हात धरला. माझ्या हातांनाही ती पूड लागली. आम्ही ती गाडी सोडली, पुढचीही सोडली.

पाकिटं गणपतीच्या आदल्या दिवशी उघडली. साहेबांनी चार-दोन मुख्याध्यापकांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं आणि प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचून दाखवला. बाबांचा दर सगळ्यात कमी निघाला. बाबांना काम मिळालं. घरी आम्ही पेढे वाटले नाहीत, कारण बाबा म्हणाले, गाजावाजा नको. विसर्जनानंतर मामा मुंबईच्या गाडीत बसला, तेव्हा बाबा खाली उभे राहून हात हलवत होते. मी त्यांच्याकडेच बघत होते. गाडीत न बसता खाली उभे राहिलेले बाबा मी पहिल्यांदा पाहत होते, आणि मला रडू आलं.

तीन वर्षं त्यांनी त्या शाळांच्या पेट्या सुरात ठेवल्या, आणि नंतरही पुष्कळ वर्षं ठेवल्या. साहेबांनी कधी डूख धरला नाही, बिलं अडवली नाहीत, बदलून दुसरीकडे गेले. म्हणजे भिण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण त्या दिवसापासून बाबांच्या तोंडचा पेटी हा शब्द गेला. ते हार्मोनियम म्हणायला लागले. जिभेवर नीट बसायचा नाही, कधी हारमुनी व्हायचं, कधी हारमोनम, आणि वाडीतले लोक टिंगल करायचे की पेटीवाला साहेब झाला. आईनं आणि मीही तो शब्द हळूहळू सोडून दिला. पडवीत सूर पुन्हा सुरू झाला होता, ते आम्हाला पुरेसं होतं.

शेवटच्या आजारपणात ते पडवीतच खाटेवर असायचे. माणसं ओळखायचे, बोलणं मात्र थोडकं झालं होतं. एका दुपारी कुडपणच्या मंडळाचा माणूस दारात आला आणि त्यानं हाक दिली, "काका, पेटी आणलीय." बाबांनी डोळे उघडले. दोन्ही हात त्यांनी पांघरुणाखाली घेतले आणि मला जवळ बोलावलं.

"हारमोनियम बोल म्हणावं त्याला," ते अगदी हळू म्हणाले. "आणि खाली कोण हुभं हाय का, तेवढं बघून ये."

आमचं घर बैठं आहे. त्याला खाली नाही. तरी मी उठले, दारापर्यंत गेले, सगळीकडे बघितलं आणि परत येऊन त्यांना सांगितलं की कुणी नाही.